आईकडे बघत राहिले

वडील गेल्यावर दर शनिवारी मी शिकवते ती शाळा सुटली की मी लातूरहून आईकडे, लोह्याला जाणारी बस धरायचे. आई मला बघितलं की रडायची. भाकरी थापताना, तूर निवडताना, कुणी वडिलांचा विषय काढला तरी. तीन महिने झाले तरी तेच. मला धास्ती बसली. हे दुःखच आहे की डिप्रेशन? बसमध्ये मोबाईलवर लक्षणं वाचायची आणि एकेक आईला लावून बघायची, असं चालू होतं.

शेवटी तिला नांदेडला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. गाडी धाकट्या भावानं चालवली. शेती तोच बघायचा. तेराव्यापर्यंतचं सगळं त्यानंच निभावलं, डोळ्यांतून टिपूस न काढता. खंबीर आहे, असं आम्ही म्हणायचो.

डॉक्टरांपुढं आई रडली. मग वरातीत वडील घोड्यावरून कसे पडले ते सांगताना हसलीसुद्धा.

"चाळीस वर्सांचा संसार, बाई. रडू येणारच की. पण नातीचं लग्न बघायचं हाय मला."

"हे दुःख आहे," डॉक्टर मला म्हणाल्या. "मधूनमधून त्यांना भूक लागते, हसू येतं, पुढचं काही बघावंसं वाटतं."

मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच आई म्हणाली, "माझं सोडा. भाईर बसलाय त्याला बघा. लेकीला जवळ घेईना झालाय."

भावाला आत बोलावलं. तो खाली बघत बसला.

"जेवण जातं?"

"चव लागत न्हाई."

"वडिलांची आठवण येते?"

"कशाचंच काही वाटत न्हाई. माझा उपेग न्हाई कुणाला. मी नसलो तरी चालंल."

जीव द्यावासा वाटतो का, असं डॉक्टरांनी सरळ विचारलं. तो म्हणाला, "हाव, वाटतं."

त्या दिवशीच गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणं फवारणीची औषधं घरातून हलवली, त्याला एकटं सोडायचं नाही असं त्याच्या बायकोशी ठरवलं. दोनेक महिन्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो कुरकुरला. पुढं एकदा वडिलांचा सदरा हातात धरून ओक्साबोक्शी रडला. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. "रडू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

आता तो शेतावर जातो, लेकीला शाळेत सोडतो. पण त्यानं फोन उचलला नाही, की उचलेपर्यंत मी लावतच राहते.