हळदीच्या बेटावरची आंघोळ

मी पिकांच्या रोगांचा सल्लागार आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग आपल्या गुडघ्याबद्दल विचारतो. नांदेडच्या आमच्या गल्लीत मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, आणि निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी दवाखाना बंद ठेवून गावोगाव हिंडतो. बायकोचं मत याहून वाईट आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे इतरांचे नवरे घरी येताना पेढे आणतात आणि मी सडलेले कंद आणतो, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवतो, वर 'हात लावू नको' असं बजावतो. हे खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

मी मूळचा अहमदपूरचा, शिकलो लातूरला, पोटापाण्यासाठी नांदेडला आलो. काम दुहेरी आहे. शेतकऱ्यांना रोग कसा आवरायचा ते सांगायचं, आणि कचेऱ्यांना शेतकरी तो का आवरत नाहीत ते सांगायचं. दोन्हीकडे मी एकाच आवाजात बोलतो. आधी खोकतो, मग चष्मा कपाळावर चढवतो, मग म्हणतो, "हे बघा, रोग आपल्या पायानं येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं." हे वाक्य इतक्या बांधांवर म्हणून झालंय की हल्ली ते म्हणताना मी मनात दुसराच विचार करत असतो. बहुतेक वेळा जेवणाचा.

नायगाव आणि उमरीच्या मध्ये गोदावरीत एक बेट आहे. खालच्या बंधाऱ्यात पाणी अडवलं की नदी त्याच्या दोन्ही अंगांनी पसरते, आणि वर्षातले बरेच महिने तिथल्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या घरांवर, तराफ्यानेच जावं लागतं. तराफा म्हणजे रिकामे ड्रम, त्यावर फळ्या, आणि या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला दोर. दोर ओढत जायचं. मला पोहता येत नाही. पहिल्या खेपेला मी तराफ्याच्या मधोमध मांडी घालून बसलो आणि फळी घट्ट धरली, तेव्हा शेजारी उभी असलेली शेळी माझ्याकडे बघत होती. ती निवांत होती.

बेटाच्या उंचवट्यावर आक्कांचं शेत. वयाने माझ्या जवळपासच्या, पण आवाज असा की समोरच्या काठावरचा माणूस हातातली विडी टाकून देईल. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, दोर ओढायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. बोलायचं काम घरात आधीच पुरेसं होत होतं. उंचवट्यावर पुराचं पाणी चढत नाही, विहीर शेतातच आहे, आणि हळद अशी यायची की मी फोटो काढून लोकांना दाखवायचो, जणू काही मीच लावली होती.

मग काही पावसाळ्यांपूर्वी लागवडीला बेणं कमी पडलं. बेणं म्हणजे लावायचे गड्डे. नायगावकडच्या एका पाहुण्यांनी प्रेमाने पोतंभर पाठवलं. सोयऱ्याने दिलेलं बेणं परत पाठवायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं, म्हणून ते लावलं गेलं, आणि त्यातून कंदकूज आली. या रोगात पान कडेने पिवळं पडतं, बुंधा हाताला मऊ लागतो आणि जमिनीतला गड्डा सडतो. मला बोलावलं. मी खोकलो, चष्मा कपाळावर चढवला, सगळं शेत फिरून पाहिलं. रोग फार पसरला होता. सगळी हळद उपटून जाळून टाका, असं सांगितलं, आणि दुपारच्या गाडीने नांदेडला परतलो. सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन.

त्यांनी सगळी हळद उपटली. न्हाणीच्या मागे, सांडपाण्यावर, घरापुरती लावलेली थोडी हळद तेवढी वाचली होती. त्या टोपलीभर गड्ड्यांपासून आक्कांनी पुन्हा सुरुवात केली आणि दरवर्षी वाढवत वाढवत उंचवटा परत भरला. हे गेलं तर दुसरं बेणं कुठे नव्हतं.

पुन्हा रोग येऊ नये म्हणून मी एक योजना दिली होती. तराफा लागतो त्या जागी हौद बांधायचा, त्यात मोरचुदाचं निळं पाणी भरायचं, आणि बाहेरून येणाऱ्याने बुटांसकट त्यात उभं राहायचं. कागदावर ती फार छान दिसत होती. बेटावरच्या लोकांनी ती ऐकून घेतली, मान डोलावली आणि हौद काही बांधला नाही. खुरांचा आजार झालेल्या मेंढरांना असं पाण्यात उभं करतात, माणसाला नाही. व्याही आला, जावई आला, त्याला निळ्या पाण्यात उभं कसं करायचं?

आक्कांनीच त्यातून वाट काढली. "सायेब, पाव्हण्याला अडवता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर आंघूळ घालता येती."

तेव्हापासून बेटावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची आंघोळ होते. काठावरच तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापलेलं असतं, आडोसा केलेला असतो, साबण असतो. कपडे आणि बूट तराफ्यावर ठेवायचे. अंगावर घालायला बेटावरचे धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू. एखाद्या जावयाचंही इतकं होत नाही. माणूस खूष होऊन अनवाणी आत जातो आणि आपल्याला वेशीवरच थोपवलं होतं, हे त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही. उदगीरचे एक हळदीचे व्यापारी दुसऱ्या खेपेला स्वतःचा पंचा घेऊन आले. मी या प्रकारावर नांदेडच्या एका बैठकीत भाषण दिलं आणि बोलता बोलता 'आमचा प्रयोग' असा शब्द वापरला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका कचेरीतले अधिकारी साहेब बेटावरची हळद पाहायला येणार होते. त्यांनी उभं पीक पाहून निरोगी ठरवलं तर ती बेण्यासाठी इतर गावांना जाणार होती. हंगामात त्यांची ही एकच फेरी. रोगाचं एक ठिकाण जरी सापडलं तरी बेणं म्हणून ती बाद, आणि आक्कांना पुन्हा उपटायला लागावं लागणार. कुठपर्यंत उपटायचं, ते पुन्हा मलाच सांगावं लागलं असतं.

अधिकाऱ्यांना घ्यायला मीच गेलो. वाटेत नायगावजवळ कंदकुजीचं एक शेत होतं. आता शहाण्या माणसाने ते परतीच्या वाटेसाठी ठेवलं असतं. पण माझ्या अंगात शिक्षक संचारला. निरोगी पाहण्याआधी रोगट पाहिलं पाहिजे, असं म्हणून मी गाडी थांबवली, चिखलात उतरलो आणि खुरपं न घेता हातांनीच झाड उकरलं. साहेबांना गड्ड्याचा वास घ्यायला लावला. ते डोळे मिटून मागे सरले. मी नमुना म्हणून दोन गड्डे पिशवीत घातले आणि हात पँटला पुसले. पँट नवी होती, हे बायकोने नंतर लक्षात आणून दिलं.

तराफा बेटाला लागला तेव्हा आक्का काठावर उभ्याच होत्या. चुलीवर पाणी तापलेलं होतं. साहेबांनी आडोशाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला विचारलं की हे काय आहे. मी समजावलं. ते म्हणाले की त्यांना अजून दोन गावं करायची आहेत आणि आंघोळ सकाळी झालेली आहे. मग, ज्याने हा नियम बैठकीत मिरवला होता तो मी, आक्कांकडे वळलो आणि हळूच म्हणालो की जाऊ द्या, साहेब मोठे आहेत, एकदाच तर यायचंय.

"एकच पोतं आलतं, सायेब," आक्का म्हणाल्या. "तवा बी."

मी घसा खाकरला आणि चष्मा कपाळावर चढवला. साहेबांनी एकदा आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, बूट काढायला घेतले.

ते आडोशातून बाहेर आले ते कोरं धोतर नेसून. आक्कांनी धोंड्याच्या महिन्यात जावयासाठी आणलेलं ते धोतर. जावई जीन्स घालतो म्हणून ट्रंकेत पडून होतं. साहेबांच्या डोक्याला टोपी जरा घट्ट होत होती. गरम पाण्याने त्यांचा चेहरा बदलला होता, आणि ते चक्क हसत होते. मीही उत्साहाने शर्टाची बटणं सोडायला लागलो.

"तुमी न्हाई," आक्का म्हणाल्या.

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. त्यांनी माझ्या हातांकडे बोट केलं. नखांच्या खाली नायगावचा चिखल काळा होऊन बसला होता. पिशवीतून वासही यायला लागला होता. मी म्हणालो, घासून घासून धुतो. त्यांनी मान हलवली. त्या बोलल्या त्यात राग नव्हता, एखाद्या आजारी माणसाला सांगतात तसं सांगितलं की आज तुम्ही आणि तुमची पिशवी, दोघं तराफ्यावरच बसा. मालकांनी मुकाट्याने तराफा काठापासून थोडा पाण्यात ढकलला आणि दोराने बांधून टाकला. पोहता न येणाऱ्या माणसासाठी एवढं पुरेसं होतं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. एवढी वर्षं या जिल्ह्यात रोग बघण्यात घालवली, आणि बेटावरचं पीक ठरवायला धोतरातला एक नवखा माणूस आणि मी ड्रमांवर. तिथून मला उंचवटा दिसत होता आणि वाऱ्यावर बोलणंही येत होतं. आक्का साहेबांना सगळं समजावून सांगत होत्या. मध्येच त्या खोकल्या, नसलेला चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हे बघा, रोग आपल्या पायानं येत न्हाई." साहेब पोट धरून हसले. मालकही हसले. मी मालकांना हसताना प्रथमच पाहत होतो.

मग साहेब थांबले. खाली वाकले आणि वाकूनच राहिले. एका झाडाची खालची पानं पिवळी होती. एवढ्या लांबूनही मला तो पिवळा ठिपका दिसला. माझा राग कुठल्या कुठे गेला. आक्कांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिथे जाता येत नव्हतं, बुंधा दाबून बघता येत नव्हता, आणि पानं काय, खताची भूक लागली म्हणूनही पिवळी पडतात. मालकांनी कुदळीने झाड गड्ड्यासकट वर काढलं. साहेब ते हातात घेऊन नुसतेच उभे होते.

मी उठून उभा राहिलो. तराफा हलला, मी दोर धरला आणि ओरडलो, "मोडून वास घ्या! सकाळचा आठवा!"

साहेबांनी गड्डा मोडला. नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग मोडलेली बाजू माझ्याकडे करून त्यांनी उंच धरली. ती गच्च केशरी होती.

"हळदीचाच वास येतोय," ते म्हणाले.

आक्का खाली बसल्या. बांधावरच, चिखलात. आणि मीही फळीवर बसलो. माझे डोळे भरून आले होते, आणि बरं झालं, तराफ्यावर शेळीसुद्धा नव्हती.

बाकीचं शेतही स्वच्छ निघालं. पंगत आक्कांच्या ओट्यावर बसली. माझं जेवण केळीच्या पानावर वाढून आक्काच काठावर घेऊन आल्या; मालकांनी तराफा हात पोचेल इतपत जवळ ओढला. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पान माझ्या हातात देताना त्यांनी बजावलं की हे इकडे परत द्यायचं नाही, त्या काठाला नेऊन टाकायचं. मी मान डोलावली. सकाळच्या त्या हातांनीच जेवणार होतो, तर त्यांनी तांब्याने पाणी ओतून माझे हात धुतले, पाणी सगळं माझ्या पँटवर पडू दिलं, काठावर एक थेंब नाही.

मी जेवेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मागल्या बारीला उपटा म्हणलाव अन दुपारच्या गाडीनं गेलाव. आमी संध्याकाळपस्तोर उपटीत हुतो. आज थांबलाव, लई बरं वाटलं."

मी थांबलो नव्हतो. मला बांधून ठेवलं होतं, आणि सोडलं असतं तर मी बहुधा शेतात घुसून साहेबांच्या हातातून झाड हिसकावलं असतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. पानावरची शेवटची भाकरी संपवली, पान घडी करून पिशवीत सडक्या गड्ड्यांशेजारी ठेवलं, आणि मालकांनी मला त्या काठाला सोडायला दोर ओढायला घेतला तेव्हा, दुपारची गाडी मिळत असूनही, म्हणालो, जरा वेळ राहू द्या.