मऊ हात

काल मानवतला बांगड्या भरताना कासारीण म्हणाली, "लय मऊ हात हाय तुमचा." मी दचकून हात मागे घेतला.

माझ्या लग्नाचा चुडा भरला त्या दिवशी याच कासारणीची सासू हेच मावशीला म्हणाली होती. वर्षानुवर्षं सुजणारी मावशीची बोटं तोवर आखूड झाली होती. त्या थोरल्या कासारणीनं त्यातलं एक ओढलं, तर ते लांबलं. सोडलं, तसं कातडीच्या घड्यांत परत शिरलं. लहानातली लहान बांगडी अलगद चढली. "नशीब काढलंय बाई तुमी," कासारीण म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो, मावशीसुद्धा.

संधिवात आतून हाड खातो, हे परवा डॉक्टरांनी माझाच एक्स-रे दाखवून सांगितलं.

बोट ओढून बघायचा धीर अजून झालेला नाही.