दर रविवारी येणारी गिरिजाबाई

आमच्या घरात चोर शिरायचा तो दर रविवारी सकाळी साडेदहाला शिरायचा, चाळीस मिनिटं थांबायचा आणि जाताना सगळं आवरून जायचा. हे वर्षभर चाललं आणि मला पत्ता नव्हता. (मी स्वतःला सावध माणूस समजतो. बायको समजत नाही.)

नेकनूरला माझं भांड्याचं दुकान आहे. भांडी विकायची आणि विकलेल्या भांड्यावर नाव टाकून द्यायचं. लग्नसराईत तर ते नाव टाकायचं यंत्र दिवसभर हातात घुरघुरत असतं. समोरच्याला एकच विचारायचं, "नाव माहेरचं टाकू का सासरचं?" आणि खाली मान घालून टाकायचं. असल्या माणसाच्या पोटी कंप्युटर शिकलेली पोरगी आली. शिल्पा, आमची एकुलती एक. तिचं लग्न झालं आणि जावयाबरोबर ती नॉर्वेला गेली.

जाताना स्वतःचा जुना लॅपटॉप मला देऊन गेली. त्यातलं आधीचं सगळं पुसून त्यात लिनक्स टाकलं होतं. म्हणाली, हे फुकट आहे, कोण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, आणि ह्यात बसून तुमच्यावर कोणी नजर ठेवत नाही. मी धंद्यातला माणूस! फुकट म्हटलं की भांडं उलटं करून आधी बूड बघणारा. पण पोरीनं दिलंय म्हटल्यावर बूड न बघता घेतलं.

पहिलं वर्षभर त्या मशीननं मला रडवलं. आज आवाज गेला, उद्या प्रिंटर रुसला, परवा वायफाय सापडेना, तेरवा मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दर वेळी शिल्पाला फोन. मग तास तास आमची शाळा भरायची. ती म्हणायची, अण्णा, काळी खिडकी उघडा. (तिला टर्मिनल म्हणतात. आत काळं, वर पांढरी अक्षरं, आमच्या शाळेतल्या फळ्यासारखं आणि तितकंच घाबरवणारं.) ती एकेक अक्षर सांगायची, मी एका बोटानं शोधून दाबायचो. पासवर्ड टाकताना तिथं काहीच उमटत नाही, हे मला माहीत नव्हतं. की-बोर्ड मेला म्हणून मी दुकानातून दुसरा आणायला निघालो होतो. शेजारी बायको बसलेली असायची, शोभा. तिचं आपलं एकच, "जेवली का इचारा." मी मधेच विचारायचो. पोरगी म्हणायची, "जेवले. आता एंटर मारा."

दुसऱ्या वर्षी मशीन सुधारलं. आवाज येतोय, प्रिंटर कागद ओकतोय, मराठी खणखणीत. सांगायला गाऱ्हाणंच उरलं नाही, तसे फोन आखडत गेले. कसंय अण्णा? बरंय. मशीन? झकास. आई? बरीय. ठेवते मग. दोन मिनिटं! एवढं चांगलं चालल्याबद्दल त्या मशीनच्या डोक्यात हातोडा घालावासा वाटायचा. खरं सांगतो, लई आठवण यायची पोरीची. दुकानात कोणाच्या तरी रुखवताच्या कळशीवर नाव टाकताना हात थांबायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय झालं काका, लाईट गेली का?

मोकळा वेळ मिळाला की माणसाला खाज सुटते. मी एकदा कुकरचे रबर कुठं घाऊक मिळतात ते इंटरनेटवर बघितलं, तर पुढं आठवडाभर जिथं जावं तिथं कुकर. बातमी उघडा, कुकर. हवामान बघा, बाजूला कुकर. शिल्पाला विचारलं तर तिनं सांगितलं की वेबसाईटी मागावर असतात, नको ते नाकारत जा, आणि कुठं उगाच नाव-नंबर देऊ नका. (त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. म्हणून मी विषय धरून ठेवला.) मग मी पेटलोच. कुकीज नाकारल्या, कॅमेऱ्यावर कुकराच्या खोक्याची चिकटपट्टी लावली, ब्राउझर बंद केला की मागचं सगळं आपोआप पुसायची सोय केली. त्यामुळं दर सकाळी सगळीकडं नव्यानं पासवर्ड आणि ते मला एकही पाठ नाहीत. एका साईटवर तर मी जन्मतारीखसुद्धा खोटी दिली आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला अठरा वर्षांखालचा म्हणून बाहेर काढलं. ज्याचा जन्म दुसऱ्याची नावं ठळक कोरण्यात गेला, तो आता स्वतःचं नाव लपवत फिरत होता.

असंच एका सोमवारी कुठं तरी वाचलं की काळ्या खिडकीत 'लास्ट' असं लिहिलं की मशीनमध्ये कोण कधी शिरलं त्याची यादी येते. लिहिलं. यादी आली. मी, मी, मी, गिरिजा. मी, मी, गिरिजा. गिरिजा दर रविवारी, साडेदहा ते अकरा-दहा, आणि तीही बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून आलेली.

रविवारी नेकनूरचा बाजार. मी आणि शोभा दोघंही सकाळपासून दुकानात, घराला कुलूप. मशीन मात्र चालू, कारण शिल्पानंच बजावलं होतं की रविवारी बंद करू नका, अपडेट होत असतात. म्हणजे चोरानं बरोबर वेळ हेरली होती. मी घाम पुसतोय तोवर मागं शोभा येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी जेमतेम येतं, पण बाईचं नाव कोणत्याही लिपीत वाचता येतं.

"कोण हाय ही गिरिजा?"

म्हटलं, चोर आहे. ती म्हणाली, चोर असं नाव सांगून येत असतो का? आणि बरोबर रविवारीच कावून येते, मी घरात नसते तवाच? मी म्हटलं, अगं मी पण नसतो. त्यावर तिनं जे बघितलं, त्यानंतर चहा गार मिळायला लागला. मंगळवारी भाकरी थापता थापता तिला एकदम आठवलं, "पाटोद्याची का ती? तांब्याचा हंडा घेऊन गेलती, अन् तुमी तिला झाकण फुकट दिलतं!" ती बाई सत्तर वर्षांची होती. शिवाय तिचं नाव गिरजाबाई होतं की गंगाबाई, हेही मला आठवत नव्हतं, पण हे म्हणजे आणखीनच संशयास्पद झालं.

शेवटी अब्रूचा प्रश्न म्हणून मी बुधवारी बंदोबस्ताला बसलो. शिल्पाला विचारायचं नाही, एवढं ठरवलं होतं. तिनं दिलेल्या मशीनमध्ये आपण चोर येऊ दिला हे कोणत्या तोंडानं सांगणार? इंटरनेटवर एकानं लिहिलेल्या चार ओळी तशाच्या तशा उतरवल्या. फायरवॉल उभी राहिली. आत येणारं सगळं बंद आणि बाहेर जाणारंही सगळं बंद! चोराचं माहीत नाही, मालकाला मात्र बातमी दिसेना, हवामान दिसेना, कुकरसुद्धा दिसेना. आणि ते उलटं कसं फिरवायचं ते इंटरनेटवर होतं. दोन दिवस शोभाच्या फोनवर बघून बघून त्या ओळी उपटल्या आणि शुक्रवारी जिथं होतो तिथंच येऊन बसलो.

मग मला माझा खरा मार्ग सुचला. आपण मराठवाड्याची माणसं, घरात आलेल्याशी आधी बोलावं. शनिवारी मी मशीनमध्ये समोरच दिसेल अशी एक फाईल तयार केली, तिला नाव दिलं 'चोरासाठी', आणि आत लिहिलं:

"गिरिजाबाई, स. न. वि. वि. आपण वर्षभर न विचारता आमच्या घरात येता हे आम्हाला कळले आहे. आमच्याकडे चोरण्यासारखे काही नाही. भांड्यांची बिले आहेत आणि आमच्या मुलीचे फोटो आहेत. बिले न्या, फोटोंना हात लावू नका. ती लांब असते. आपल्यामुळे आमच्या घरात कटकटी होत आहेत. आपल्याला आईबाप आहेत का नाही? त्यांना हे माहीत आहे का?"

रविवारी बाजार दणकून भरला होता. संध्याकाळी घरी आलो, चप्पल न काढता लॅपटॉप उघडला. माझ्या पत्राखाली एक ओळ होती.

"आहेत. नेकनूरला. त्यांना माहीत नव्हतं."

मी ते दोनदा वाचलं आणि चोर गावातलाच निघाला म्हणून शोभाला हाक मारली. तिनं ओळ वाचून घेतली. मग ती पाटावर बसली आणि म्हणाली, "अवो, गिरिजा म्हंजे आपली शिल्पाच की."

आता ऐका. लग्नात नवरदेवानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहिलं होतं, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या. गिरिजा. तेच पुढं पासपोर्टावर चढलं, तेच तिच्या ऑफिसात, आणि माझ्या मशीनमध्ये स्वतःला यायला दार ठेवलं तेव्हा तेच तिनं सवयीनं टाकलं. मी त्या ताटापासून दोन हातांवर उभा होतो. पण मला ते बघायचंच नव्हतं, मी मांडवाची झालर बघत होतो. तिच्या रुखवताच्या भांड्यावर, अगदी पोह्याच्या चमच्यावरसुद्धा, मी शिल्पाच टाकलं होतं. व्याही म्हणाले, नवीन नाव टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, यंत्राची सुई मोडली. घरात आम्ही दोघंही शिल्पाच म्हणत राहिलो, आणि ते नाव मी डोक्यातून असं साफ घासून काढलं की तीन वर्षांनी ते समोर आलं, तर मी पोरीला चोर म्हणून पत्र लिहिलं.

फोन लावला. आधी ती हसत सुटली, मग पाटोद्याच्या हंड्याचं ऐकून आणखी हसली. म्हणाली, अपडेट करायला मीच येत होते, दहा मिनिटांचं काम. मी विचारलं, अगं मग चाळीस मिनिटं काय करायचीस? तर ती म्हणाली,

"काही न्हाई अण्णा. तुमचे फोटो बघायचे. आईनं वाळवणं घातलेली, तुमी दुकानाचं शटर रंगवलेलं. इथं तवा नुकतं उजाडतं, हे झोपलेले असतात. घरात येऊन बसल्यावानी वाटतं."

"मग फोन का करत नव्हतीस?"

"तुमचं सगळं झकास चाललेलं असायचं. काय बोलायचं?"

शोभानं फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, जेवली का. त्या दिवशी दीड तास बोलणं झालं.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आमचं दुकान साडेअकराला उघडतं. गिऱ्हाईकं बोंबलतात, बोंबलू द्या. साडेदहाला आम्ही दोघं मशीनसमोर पाट टाकून बसतो. शिल्पानं आता अशी सोय केलीय की ती तिकडून चालवते ते आम्हाला इकडं दिसतं. पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागतो, फायली उचलतो, इकडच्या तिकडं ठेवतो. लहानपणी माझ्या दुकानात वाट्या वाटीत बसवत फिरायची, तस्साच. शोभा बाणाला म्हणते, दमली असशील, बस की जरा. मी आपला बघत बसतो.

पण आवरायलाही काही पसरलेलं लागतं. म्हणून मी शनिवारी थोडं थोडं बिघडवून ठेवायला लागलो. एकदा मराठी अक्षरं घालवली, एकदा प्रिंटर. हात बसत गेला. गेल्या महिन्यात म्हटलं, आवाज घालवावा. काळ्या खिडकीत जाऊन आवाजाचं एक पॅकेज काढून टाकायला लावलं. खिडकीनं विचारलं, ह्याच्याबरोबर आणखी बरंच काही जाईल, चालेल का? मी हो म्हटलं. (मला आजवर कोणी एवढं अदबीनं विचारलंच नव्हतं.) पुढची पाच मिनिटं अक्षरं धो धो पळाली आणि मग सगळं काळं. आवाज गेला, चित्र गेलं, इंटरनेट गेलं, बाण गेला.

रविवारी शिल्पाला तिकडून आत येताच येईना. फोनवरून तिनं दोन तास अक्षरं सांगितली, मी दाबली, मशीन ढिम्म. मी कबूल केलं की मीच केलं. ती रागवेल वाटलं होतं. ती म्हणाली, "अण्णा, हे आता समोर बसल्याबिगर व्हायचं न्हाई. तसंच राहू द्या. दिवाळीला येते मी."

मी फोन ठेवला आणि शोभाला सांगितलं की मशीन पार मेलं, आता पोरीलाच यावं लागतंय. एवढा मोठा घोटाळा करून ठेवल्याबद्दल चार शब्द ऐकायची तयारी ठेवली होती. तिनं त्या काळ्या पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एवढं मोडता येत होतं," ती म्हणाली, "तर तीन वर्षं कावून थांबलाव?"