मामाजींचे लाल डोळे

माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, सगळं अनसिंग गाव टरकून असे ते त्यांच्या डोळ्यांमुळे. रोज नाही, पण एखाद्या दिवशी त्यांच्या बुबुळांभोवती तांबड्या शिरांचं जाळं उठे आणि घर चिडीचूप होई. "मामाजीच्या डोयात रक्त उतरलं की समोर जाऊ नको," असं जाऊबाईंनी मला आल्या आल्याच बजावलं होतं. मी कशाला जाते! ताट उंबऱ्याशी ठेवायचं आणि पळायचं. मला तर त्यांच्या खाकरण्याचीही धडकी भरे.

या धाकाचा मामाजींना अभिमान होता. "मले बोलाचं कामच नाई, माहे डोयेच बोलतात," असं ते म्हणत, आणि ते खरंही होतं. शेजाऱ्याचे बैल एकदा आमच्या ज्वारीत शिरले, तर मामाजी नुसते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहिले. शेजारी स्वतःच हात जोडत आला.

मात्र डोळे लाल झाले की ते कपाळाला फडकं आवळून आतल्या खोलीत पडत. जेवत नसत, कधी उलटी होई. सासूबाई म्हणत, "राग गियला त्याईनं, मंग पोटात थोडाच राह्यते?" आम्हाला ते पटे. रागावलेल्या माणसाला काय होतंय म्हणून विचारायची छाती कोणाची?

एकदा दिवेलागणीला त्यांनी विचारलं, "दिव्याभोवती हे रंगाचं कडं काहून दिसून राह्यलं?" माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून मी घाईघाईनं दिव्याची काच पुसली. पुढे एका दुपारी त्यांचा पाय ताटात पडला, वरण घरभर उडालं. मामाजींनी ताट लाथाडलं, असं आम्ही सगळ्या समजलो. मी चुलीपाशी बसून रडले. त्यांना ताट दिसलंच नव्हतं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी ते दाराच्या चौकटीवर आदळले, तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना गाडीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "डोळा दगडासारखा झालाय. आत पाणी तुंबून दाब वाढला, म्हणून शिरा रक्तानं अशा फुगतात. फार दुखत असेल." तो काचबिंदू होता. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्याचं लगेच ऑपरेशन केलं तर तो कदाचित वाचणार होता.

"मोती पिकू द्या, मंग पाहू," मामाजी म्हणाले.

"हा मोती नाही, बाबा. हा पिकत नसतो, नुसती नजर खातो."

मामाजी उठून चालू लागले. परतीच्या गाडीत ते ह्यांना हळूच म्हणाले, "मले सुरीचं भेव वाटते रे." ह्यांनी हे मला घरी आल्यावर सांगितलं. ज्यांना आम्ही भ्यायचो तेच भ्याले होते, आता घरात धीर कोण देणार?

पुढे कितीही विनवलं तरी ते अकोल्याला गेले नाहीत. एका सकाळी मी ओसरीवर चहा ठेवला, तर म्हणाले, "सूनबाई, थांब." आमच्याकडे सासऱ्यापुढे पदर हनुवटीपर्यंत ओढलेला असे. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

"पदर वर कर, पोरी. पुरा अंधार व्हाच्या आधी एकडाव पाहून घेतो."

सासूबाई जवळपास नाहीत असं पाहून मी पदर सारला. त्यांचे डोळे लालभडक होते, आणि माझ्या बाजूच्या खांबाकडे लागले होते.

"चांगली हायेस," ते खांबाला म्हणाले, "माह्या बहिणीवानी."

"हो, मामाजी," मी म्हणाले, आणि पाय न वाजवता सरकून खांबापुढे उभी राहिले.