मावशींच्या उंचीची चित्रं

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत पूर्वी जिथे परीक्षा व्हायच्या, त्या दालनात आता चित्रांची प्रदर्शनं भरतात. ती चित्रं भिंतीवर चढवायचं काम मावशींचं. उंची चार फूट आठ इंच, जीभ मात्र चांगली सहा फुटी. नवरा इथेच शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मावशी झाडलोटीला लागल्या. अकरा वर्षं त्यांनी ते दालन झाडलं आणि अकरा वर्षांत एकाही चित्रातला चेहरा त्यांना धड दिसला नाही. चित्रं टांगलेली उंच, आणि खालून बघावं तर काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड. मान दुखायची तेवढी.

पुढे चित्रं लावणारा सुतार निवृत्त झाला आणि त्याची हातोडी मावशींच्या हाती आली. पहिल्याच प्रदर्शनात त्यांनी सगळी चित्रं खाली आणली, थेट स्वतःच्या डोळ्यांसमोर. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणी हो म्हटलं नसतं, हे त्या ओळखून होत्या. आणि गंमत बघा, सोळा वर्षं कोणा शहाण्याच्या लक्षातही आलं नाही. शाळेची पोरं चित्रांपुढे रेंगाळायला लागली, आवारातल्या बागेच्या माळीणबाई दुपारचा डबा संपवून एक चक्कर टाकायला लागल्या, एवढंच.

मग नवे संचालक आले, हातात मोजपट्टी घेऊन.

"मावशी, सगळी चित्रं फूटभर वर घ्या. दालन भव्य दिसलं पाहिजे."

"साहेब, लोक चित्रं बघायला येतात की दालन?"

"सगळीकडे हाच नियम आहे."

"मग नियम करणारे उंच असणार."

साहेबांना मिरची झोंबली. दुसऱ्याच दिवशी लेखी हुकूम निघाला: चित्रं आता ठेकेदाराची माणसं लावतील, मावशींनी झाडू घ्यावा; हट्ट सोडला तर हातोडी परत मिळेल.

घरी लेक करवादली, "आई, दोनच वर्षं राहिलीत नोकरीची. कशाला वाकड्यात शिरतेस? घे ना फूटभर वर, तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापाचं काही नाही गं जात. माझं जातं."

मावशींनी झाडू घेतला. घेताना डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. हातोडी मागायला मात्र त्या गेल्या नाहीत.

ठेकेदाराच्या माणसांनी चित्रं फूटभर वर चढवली. नव्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुण्यांची ही गर्दी. माळीणबाईही हात धुऊन आल्या, एका म्हातारीच्या चित्राखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करकरून थकल्या.

"मावशी, काहीच दिसत नाही हो. नुसती खिडकी दिसते."

झालं! मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, कारकुनाच्या खोलीतलं स्टूल फरफटत आणलं. त्या आवाजाने प्रमुख पाहुण्यांचं भाषण मध्येच थांबलं. मावशी स्टुलावर चढल्या, पदर खोचला आणि त्या म्हातारीच्या डोळ्याला डोळा भिडवून निवांत बघत राहिल्या.

संचालक लगबगीने जवळ आले. दात आवळून पुटपुटले, "मावशी, तमाशा पुरे. आधी खाली उतरा."

मावशींनी मानही वळवली नाही.

"आधी चित्रं उतरवा साहेब, मग मी उतरते. माळीणबाई, तोवर तुम्हीही एक स्टूल आणा."

माळीणबाईंनी चार आणली.