सुनंदानं पुढं केलेली तारीख

बातमी सकाळीच आली. धुळ्याहून प्रमोदभाऊंचा, म्हणजे सुनंदाच्या नवऱ्याचा फोन. "रेहानाताई, सुनंदा गेली." मी विचारलं, "कुठं?" पलीकडे ते रडायला लागले, तेव्हा कळलं. झोपेतच गेली होती. गॅसवर चहा उकळत होता, तो मी गाळला, घरच्यांना दिला, रिक्षा करून जळगावच्या स्टँडवर आले, धुळ्याची बस धरली. बस पारोळ्यात थांबली. ते तिचं माहेर. खिडकीतून बाहेर बघत राहिले, डोळ्यांत पाणी नाही. आता काही आठवडे झाले, अजून तसंच आहे. शेजारच्या अक्का म्हणतात, रडून घे, मोकळं वाटेल. मी हो म्हणते आणि भाजी निवडते.

आम्ही दोघी जळगावात एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो. माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान, तिचे वडील पारोळ्याच्या बाजार समितीत मापाडी. दोघींच्या घरच्यांना वाटायचं, हे शिकून मुली करणार काय? पण डाळमिल, सराफ, पाइपवाले, सगळीकडे तेव्हा कॉम्प्युटर येत होते आणि ते विकणाऱ्या एका दुकानात आम्हाला सोबतच नोकरी लागली. मग एकोणीसशे नव्व्याण्णव साल आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे असायचे, नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की मशीनचा गोंधळ उडणार, अशी चर्चा होती. मालकांनी आम्हाला गिऱ्हाइकांकडे पाठवायला सुरुवात केली. कुठं कोणतं व्हर्जन बसवलंय ते बघायचं, जुनं असेल तर नवं टाकायचं. फ्लॉपीचा डबा, जेवणाचा डबा आणि एसटी. भडगावच्या गिरणीवाल्या आबांनी तर विचारलं होतं, "पोरींनो, साल बदलतं तर कॅलेंडर बदला, डबडं कशाला उघडता?" सुनंदा इतकी हसली की त्यांनी आम्हाला चहाच पाजला.

डिसेंबरात धुळ्याच्या एका रक्तपेढीत गेलो. प्रोग्रॅम सुरू केला, कोपऱ्यात नव्या व्हर्जनचा नंबर. मी म्हटलं, "झालं, चल, दुपारची गाडी मिळेल." ती खुर्चीतून उठेना. "नंबर नवा आहे गं, पण आतलं जुनंच राहिलं असेल तर? तारीख पुढं करून बघू या." तिनं आधी फ्लॉपीवर सगळी नक्कल घेतली. मग मशीनची तारीख एक जानेवारी केली आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडला.

पडदा रिकामा. पिशव्यांच्या मुदतीतलं शून्य शून्य साल प्रोग्रॅमनं एकोणीसशे धरलं होतं. परवाच घेतलेल्या रक्ताच्या पिशव्यासुद्धा मुदत संपलेल्या धरून त्यानं सगळा साठा पुसून टाकला होता. सुनंदानं तारीख मागं आणली, काही परत आलं नाही. फ्लॉपी घातली, ती वाचलीच जाईना.

तेवढ्यात खिडकीशी एक माणूस आला. शिरपूरच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. बायको बाळंतपणाला आणलेली, रक्त थांबत नव्हतं. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. तंत्रज्ञ देशमुख पडद्याकडे बघून म्हणाले, "साठाच दिसत नाही हो, कोणती पिशवी देऊ?" त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला अजून दिसतं. सुनंदाचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती उठली आणि तिच्या घरच्या अहिराणीत त्याला म्हणाली, "भाऊ, कॉम्प्युटरमा नही शे, पन फ्रीजमा तं शे ना! थांब." मग देशमुखांना म्हणाली, "उघडा सर, लेबलं वाचू."

लेबलं वाचायला लागल्यावर देशमुखही सावरले. गट जुळवून, तपासून त्यांनी पिशवी दिली. तो माणूस पळत गेला.

मुख्य डॉक्टर आले. सुनंदा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या हातून पुसलं गेलं." ते फार चिडले, आत्ताच्या आत्ता निघा म्हणाले. ती म्हणाली, "भरून देते, मग जाते. आणि सर, आज मी नसतं पुसलं, तर एक तारखेला ते आपोआप पुसलं गेलं असतं. तेव्हा सुट्टी असती, इथं एकटं कोणीतरी असतं." त्यावर ते पुन्हा जा म्हणाले नाहीत. देशमुख फ्रीजपाशी लेबल वाचायचे, मी मध्ये उभी राहून तिला सांगायचे, ती टंकायची. फ्रीजच्या गारठ्यानं सगळ्यांचीच बोटं बधिर झाली होती. संध्याकाळी तो माणूस दुसऱ्या पिशवीसाठी आला. म्हणाला, "पोरगी व्हयनी. माय बी बरी शे."

तेव्हा सुनंदा नुसती "बरं" म्हणाली. धुळ्याच्या स्टँडवर बाकावर बसल्यावर मात्र तिनं गार पडलेले दोन्ही हात माझ्यापुढं केले. मी ते माझ्या ओढणीत गुंडाळून धरले.

नवं साल आलं आणि कुठंच काही झालं नाही. रक्तपेढीत आम्ही पुन्हा जाऊन नीट व्हर्जन बसवून आलो होतो, तिथंही नाही. लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. मी वैतागायचे. ती म्हणायची, "काही झालं नाही ना? मग बरंच आहे की." पुढं लग्न होऊन ती धुळ्यालाच गेली, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली. आम्ही भेटत राहिलो, पोरांची लग्नं, दुखणी... पण त्या दुपारचं ती कधी कुणाला सांगत नसे. तिच्या मुलीलाही माहीत नव्हतं.

परवा तिच्या घरी गेले होते. मुग्धा, तिची मुलगी, स्वयंपाकघर आवरत होती. फळीवर लोणच्याच्या, सांडग्यांच्या, मसाल्याच्या बरण्या. प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी, सुनंदाच्या अक्षरात तारीख, आणि साल पूर्ण, चारही आकडे. औषधाच्या बाटलीवरसुद्धा. मुग्धा म्हणाली, "मावशी, आई सगळीकडे एवढं अख्खं साल का लिहायची गं? आम्ही हसायचो तिला." मी तिथंच खाली बसले आणि तिला धुळ्याची ती दुपार सांगितली. सांगून झाल्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी थोपटत राहिले.

निघताना तिनं कैरीच्या लोणच्याची बरणी दिली, यंदाची, वर सुनंदाची शाईनं लिहिलेली चिठ्ठी तशीच. आम्ही रोज खातो. बरणीला ओला हात लावायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलंय. लोणचं खराब होईल म्हणून, असं त्यांना वाटतं.