डावं शिंग

"म्हस वाट बघत न्हाय," एवढं बोलून मामा उठायचे. मग समोर लग्नाची पंगत बसलेली असो, नाहीतर कुणाच्या घरी सांत्वनाला माणसं जमलेली असोत. धारेची वेळ झाली की टोपी उचलून चालू पडायचे.

मामा आमच्या गल्लीतले गवळी. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं काढली, तरी मला 'पावणं'च म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या नातवंडांपेक्षा त्याच्या जनावरांची नावं तुम्हाला जास्त पाठ असतील.

त्यांच्या सगळ्यात देखण्या म्हशीचं डावं शिंग लोखंडी फाटकात अडकून अर्ध्यावर मोडलं. त्यातच त्यांच्या मुलाने ठरवलं की दिवाळीनंतर गोठा बंद, म्हशी विकायच्या. मामांचे गुडघे गेले होते, ते भांडले नाहीत. "पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत तिला एकदा दोन्ही शिंगांनी फिरवतो, मग न्या," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे आले.

फाउंड्रीतून निवृत्त झाल्यापासून मी घरी फायबरचं कापड आणि इपॉक्सी घेऊन काहीबाही बनवत बसतो. हौस म्हणा, नाहीतर रिकामपण म्हणा. "हलकं पायजे," मामा म्हणाले. "ठणकतंय तिला अजून."

हलकं करायचं तर एकच उपाय. थर्माकोलचं शिंग कोरायचं, त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं कापड गुंडाळायचं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढायची. पिशवी कापडाला सगळीकडून आवळते, जादा इपॉक्सी निथळून जाते. पण जुन्या फ्रिजमधून काढलेला माझा पंप जळाला होता.

"आमचं धारंचं मशीन हवाच वडतंय की," मामा म्हणाले. मग त्याचाच पंप जोडला.

पहिलं शिंग वाया गेलं. पिशवीत कुठून तरी हवा शिरत होती. शोधून शोधून मी वैतागलो, तेव्हा लक्षात आलं की मी दाबलेली पट्टी घट्ट बसली होती आणि मामांनी दाबलेली सुटत होती. धार काढताना सडांना लोणी लावून लावून त्यांच्या बोटांत ते कायमचं मुरलं होतं. "धुतल्यात की," ते म्हणत राहिले. शेवटी मीच सोड्याने त्यांचे हात चोळून धुतले. लहान मुलासारखे हात पुढे करून बसले होते बिचारे.

दुसरं शिंग सकाळी पिशवीत घातलं. हवा दमट, इपॉक्सी वाळायचं नाव घेईना. संध्याकाळी म्हशी हंबरायला लागल्या. धारेसाठी पंप काढला असता तर पिशवी सैल पडून हेही शिंग गेलं असतं. मामांनी पंपाकडे बघितलं. मग बादली घेऊन बसले आणि सुजलेल्या बोटांनी एकेका म्हशीची धार हाताने काढली. दुधाची गिऱ्हाइकं दारात कुरकुरत होती. मामा म्हशीच्या पोटाला डोकं टेकून मधूनच विचारायचे, "वडतंय का ओ, पावणं?"

"वडतंय," मी म्हणायचो. 

शिंग नीट उतरलं. पाडव्याला ते मोडक्या शिंगावर पट्ट्याने बसवलं, दोन्ही शिंगं रंगवली, मोरपिसं लावली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. मामांनी हाक मारली आणि ती मान वर करून त्यांच्या मागे निघाली. कुणाला काही कळलं नसतं, पण मामाच भेटेल त्याला सांगत सुटले, "डावं बनवल्यालं हाय." मला रागच आला त्यांचा.

भाऊबीज झाली आणि दलाल टेम्पो घेऊन आला. मामांनी पट्टा सोडून शिंग उतरवलं.

"ऱ्हाऊ द्या की, शोभतंय," दलाल म्हणाला.

"तिकडं कुणी इचारलं तर तिला सांगता याचं न्हाय," मामा म्हणाले.

टेम्पो गेल्यावर ते गोठ्यात गेले. मशीनचा पंप सोडवला, फडक्याने पुसला आणि माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवला. "तुमास्नी लागंल," म्हणाले. "मला आता काय काम हाय त्याचं?"

उन्हाळ्यात मामा गेले. पंप चांगला आहे. पण तो लावून काही बनवावंसं मला वाटत नाही.